पाटी बदलल्यानंतरची नाइट

रुग्णालयाची पाटी बदलायला अर्धा दिवस पुरतो. सकाळी टेम्पो येतो, दोघं शिडीवर चढतात, जुन्या नावाची अक्षरं एकेक करून खाली येतात आणि दिवेलागणीपर्यंत नव्या समूहाचं नाव उजळतं. रात्री आठला नाइटच्या सिस्टर ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून वॉर्डाचा ताबा, घ्यायला येतात तेव्हा वॉर्डात सगळं जागच्या जागी असतं. तेच बेड, खिडकीखालची तीच गळकी जागा जिथे पावसाळ्यात बादली ठेवावी लागते, त्याच मावशी, तेच मामा. आजवर ज्यांनी पगार दिला ते मात्र आता मालक नसतात, आणि नवे मालक नेमके कोण हे वॉर्डात कुणालाच नीट सांगता येत नाही.

कोकणात हे का होतंय ते समजण्यासारखं आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वी एका डॉक्टर दांपत्याने तालुक्याच्या गावी वीस-पंचवीस बेडचं रुग्णालय काढलं. मुलं शिकून मुंबईला किंवा परदेशी गेली, ती परत येणार नाहीत. आता लिफ्ट हवी, आगीच्या परवान्याची कामं हवीत, विमा कंपन्यांना कागदपत्रं हवीत. मग शहरातला समूह येतो. कुठे ट्रस्टचं रुग्णालय असतं, विश्वस्त थकलेले असतात, ते चालवायला देतात. देशपातळीवर हेच मोठ्या आकड्यांत चालू आहे: 2018 मध्ये मलेशियाच्या आयएचएचने फोर्टिस घेतलं, 2024 च्या नोव्हेंबरात अ‍ॅस्टर आणि क्वालिटी केअर यांचं विलीनीकरण जाहीर झालं, 2025 मध्ये मणिपालने पुण्याचं सह्याद्री घेण्याचं ठरवलं. सरकारी बाजूलाही एक वेगळं विलीनीकरण आहे. अलिबाग आणि सिंधुदुर्गला 2021 मध्ये, रत्नागिरीला 2023 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं आणि जिल्हा रुग्णालय त्याला जोडलं गेलं.

या बातम्यांत बेड किती आणि कोटी किती हे ठळक छापलेलं असतं. पण वॉर्डात दोन रुग्णालयांचं एक रुग्णालय होतं ते सिस्टर आणि ब्रदरांच्या हातांतून, आणि त्याला सहा महिने, कधी वर्ष लागतं. ते काम कुठल्याही करारात मोजलेलं नसतं. माझं सगळं म्हणणं एवढ्याभोवतीच आहे.

इन्सुलिनचंच घ्या. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, एका मिलीत 40 युनिटची आणि एका मिलीत 100 युनिटची. त्यांच्या सिरिंजाही वेगळ्या. 40 च्या सिरिंजला लाल टोपी, 100 च्या सिरिंजला नारिंगी. लहान रुग्णालयात वर्षानुवर्षं 40 ची बाटली आणि लाल टोपी. हाताला सवय झालेली असते. रात्री दोन वाजता, अर्ध्या उजेडातही, वीस म्हटलं की दट्ट्या विसाच्या रेघेवर थांबतो. समूहाची खरेदी एकाच ठिकाणाहून होते आणि तिथे 100 ची बाटली ठरलेली असते. नव्या बाटल्या सोमवारी येतात. लाल टोपीच्या सिरिंजांची दोन खोकी मात्र स्टोअरमध्ये शिल्लक असतात, आणि टाकून कोण देणार, म्हणून ती वॉर्डात येत राहतात. आता लाल सिरिंजमध्ये विसाच्या रेघेपर्यंत औषध ओढलं, म्हणजे अर्धा मिली. 100 च्या बाटलीतला अर्धा मिली म्हणजे 50 युनिट. डॉक्टरांनी लिहिलं 20, गेलं 50, अडीच पट. पहाटे चारला रुग्ण घामाने भिजलेला, बोलणं असंबद्ध, साखर तीसच्या घरात. उलटं झालं, म्हणजे जुनी 40 ची बाटली आणि नवी नारिंगी सिरिंज, तर 20 च्या जागी 8 च युनिट जातात आणि साखर का उतरत नाही याचा शोध दोन दिवस चालतो.

यात सिस्टरची चूक शोधायला गेलं तर कागदावर सापडतेच, कारण बाटलीवर ताकद लिहिलेली असते. पण खरी चूक ज्या दिवशी बाटली बदलली त्या दिवशी सिरिंज बदलली नाही, ही. बदल करायचा तर एका ठरलेल्या दिवशी, दुपारच्या ओव्हरला, जुनी बाटली आणि लाल टोपीचं शेवटचं खोकं एकदमच वॉर्डाबाहेर गेलं पाहिजे. फ्रिजच्या मागच्या कप्प्यातली अर्धी वापरलेली बाटलीसुद्धा. आणि त्यानंतर निदान पंधरा दिवस इन्सुलिनचा प्रत्येक डोस दोघींनी पाहून द्यायचा. त्यासाठी पाळीवर दोघी असाव्या लागतात. तिथेच गाडी अडते.

आयसीयूत हेच आणखी बारीक होतं. ब्लडप्रेशर टिकवायला नॉरअ‍ॅड्रेनालिन सिरिंज पंपाने देतात. एका रुग्णालयाची रीत 50 मिलीत 4 मिलिग्रॅम, दुसऱ्याची 50 मिलीत 8. पंपावर दोन्हीकडे तासाला 5 मिली हाच आकडा दिसतो. पहिल्या सिरिंजमधून मिनिटाला साधारण 6.7 मायक्रोग्रॅम जातं, दुसरीतून 13.3. दोन रुग्णालयांच्या सिस्टर एका आयसीयूत आल्या आणि ओव्हर देताना एकीने नुसतं ‘नॉरअ‍ॅड पाचवर आहे’ म्हटलं, तर दुसरीच्या डोक्यात वेगळाच डोस उभा राहतो. म्हणून ओव्हरमध्ये मिली सांगायचं नाही, मायक्रोग्रॅम सांगायचं, आणि सिरिंजवरच्या लेबलवर किती मिलिग्रॅम किती मिलीत, कोणी भरलं, किती वाजता, हे चारही लिहायचं. क्रॅश ट्रॉलीचं, म्हणजे तातडीच्या औषधांच्या गाडीचंही तेच. दुसऱ्या खणात अ‍ॅट्रोपिन असतं हे डोक्याला नाही, हाताला माहीत असतं. नव्या समूहाच्या नकाशाप्रमाणे खण बदलले की हात जुन्या जागी जातो, रिकामा येतो, आणि छाती दाबणाऱ्या माणसाला ते दहा सेकंद फार लांब वाटतात. खण बदला, पण सगळ्या वॉर्डांचे एकाच दिवशी बदला, आणि प्रत्येक पाळीला डोळे मिटून औषध काढण्याचा सराव करून घ्या. चार-पाच दिवसांत हात शिकतो.

सिस्टर या गोष्टी सांगत नाहीत असं नाही. सांगतात, मीटिंगमध्येही सांगतात. पण त्या मीटिंगमधला विषय बहुतेक वेळा मनुष्यबळ कसं ‘जुळवून घ्यायचं’ हा असतो.

पदांचं गणित मांडून पाहू. भारतीय नर्सिंग परिषदेचं प्रमाण साध्या रुग्णालयात पाच बेडला एक, अध्यापन रुग्णालयात तीन बेडला एक, आणि वर 30 टक्के रजा राखीव, म्हणजे रजेवर गेलेल्यांच्या जागी उभी राहणारी जादा पदं. 30 बेडचा वॉर्ड, साधं रुग्णालय: सहा पदं, राखीव धरून आठ. आठ जणी आठवड्याला सहा दिवस म्हणजे 48 पाळ्या. आठवड्यात भरायच्या पाळ्या 21. म्हणजे पाळीला दोघी, आणि सुट्ट्या-आजारपणाला थोडीशी सैल जागा. विलीनीकरणात सगळ्यांत आधी कापली जाते ती हीच सैल जागा. रजा राखीव वेगळं कशाला, दुसऱ्या युनिटमधून, म्हणजे समूहाच्या दुसऱ्या रुग्णालयातून, मागवू, असं म्हणतात. मग राहतात सहा जणी, 36 पाळ्या. एक बाळंतपणाच्या रजेवर गेली, एकीला डेंग्यू झाला, की 24. म्हणजे तीस रुग्णांमागे रात्री एकच सिस्टर. ती इन्सुलिन कुणाला दाखवणार?

2014 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास युरोपातल्या नऊ देशांचा आहे. शस्त्रक्रियेच्या चार लाखांहून जास्त रुग्णांच्या नोंदी पाहिल्यावर त्यांना दिसलं, की नर्समागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते. आपल्याकडची मोजणी एका रुग्णाच्या फरकाची नसतेच. इथे पाच-पाच, दहा-दहा रुग्ण वाढतात.

त्यात लिहिण्याचं काम. नवा समूह येतो तो बहुधा एनएबीएचची, म्हणजे रुग्णालयाच्या दर्जाच्या मानांकनाची, तयारी घेऊन येतो, आणि ते चांगलंच आहे. पडण्याचा धोका, पाठीच्या जखमेचा धोका, वेदनेचा आकडा हे मोजलं पाहिजे. पण बदलाच्या काळात जुनी वही बंद होत नाही आणि नवा संगणक सुरू होतो, तेव्हा तेच टेंपरेचर दोनदा लिहावं लागतं. एका रुग्णामागे पाच मिनिटं जास्त धरली तरी पंधरा रुग्णांचा सव्वा तास. हा सव्वा तास कूस बदलून देण्यातून, भरवण्यातून, नातेवाइकांशी बोलण्यातून जातो. जूनच्या पहिल्या वादळात लाइट गेली, नेट गेलं की सगळं पुन्हा कागदावर, आणि नेट आलं की कागदावरून संगणकात, म्हणजे तिसऱ्यांदा. कोकणात सॉफ्टवेअर चालू करायचं असेल तर जानेवारीत करावं. जूनमध्ये चालू करणाऱ्यांना इथला पाऊस ठाऊक नसतो एवढाच त्याचा अर्थ.

इथल्या आजारांचंही तसंच आहे. भातलावणीला चिखलात उतरलेल्या माणसाला फुरसं हा विषारी साप चावतो आणि तो कॅज्युअल्टीत येतो. तिथे पहिली तपासणी साधी असते: दोन मिली ताजं रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग तिरपी करून पाहायची. रक्त वाहिलं, गोठलं नाही, म्हणजे विष रक्तात भिनलंय. नळी काचेचीच लागते. प्लॅस्टिकमध्ये रक्त नीट गोठत नाही आणि साबणाने धुतलेल्या काचेतही फसगत होते. मध्यवर्ती स्टोअरकडून सगळ्या नळ्या प्लॅस्टिकच्या यायला लागल्या की काचेच्या दहा नळ्या जपून ठेवणारी एखादी जुनी सिस्टरच उपयोगी पडते. प्रतिविषाच्या कुप्या सुरुवातीलाच आठ-दहा लागतात. प्रत्येकीत दहा मिली पाणी घालून हलक्या हाताने फिरवत विरघळवायची. जोरात हलवली की फेस होतो. दहा कुप्या म्हणजे दोन हातांचं पंधरा-वीस मिनिटांचं काम. आणि साठा? शहरातल्या खरेदीप्रमुखाला दिसतं की या औषधाच्या कुप्या फेब्रुवारीत हलल्याच नाहीत. तो इंडेंट, म्हणजे मागणी, कापतो. जूनमध्ये मागवल्या तर घाटात दरड असते.

विंचवाचंही तेच. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिलं की लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही ब्लडप्रेशरची साधी गोळी जीव वाचवते. पण ती साधीच हवी, वजनाप्रमाणे किलोला 30 मायक्रोग्रॅम. हळूहळू सुटणारी, दिवसाला एक घ्यायची गोळी इथे चालत नाही. समूहाच्या औषधयादीत नेमकी ती हळूहळू सुटणारीच असू शकते, कारण शहरात ती ब्लडप्रेशरसाठी लिहिली जाते. कॅज्युअल्टीच्या सिस्टरने यादी हातात आल्याच्या पहिल्या दिवशी पाहायच्या त्या या गोष्टी: प्रतिविष किती, साधं प्राझोसिन आहे का, काचेच्या नळ्या आहेत का. दोडामार्ग-सावंतवाडीकडे असाल तर जानेवारीपासून माकडतापाचे नमुने कुठे पाठवायचे तो नंबर भिंतीवर आहे का. आणि दुसऱ्या युनिटमधून चार दिवसांसाठी पाठवलेल्या सिस्टरला मालवणी म्हातारी ‘माका गरगरता’ म्हणाली तर तिचं ब्लडप्रेशर आधी पाहायचं, हे सांगायला कुणीतरी जवळ हवं.

आता रजा. गणपतीत पाच दिवस घरी असणं ही कोकणातल्या माणसासाठी चैन नसते. चाकरमानी मुंबईहून येतात, घर वर्षातून एकदा भरतं, आणि त्या घरातली सिस्टर ड्युटीवर असते. लहान रुग्णालयांत याची तोंडी घडी बसलेली असते. मुसलमान आणि ख्रिस्ती सिस्टर गणपतीत डबल ड्युटी करतात, बाकीच्या ईदला आणि नाताळला करतात. रत्नागिरीकडे शिमग्याला पालखी घरी येते त्या दिवसाची वेगळी अदलाबदल. इनचार्ज सिस्टरच्या वहीच्या शेवटच्या पानावर हे सगळं पेन्सिलीने लिहिलेलं असतं. नव्या व्यवस्थेत रजा अ‍ॅपवर पंधरा दिवस आधी, एका वॉर्डातून एका वेळी एकच, आणि गणेश चतुर्थीची सुट्टी एक दिवस. ते अ‍ॅप मुंबईच्या कॅलेंडरवर चालतं. मग काय होतं? तीन जणी चतुर्थीच्या आदल्या दिवशी आजारी पडतात, आणि ज्यांनी कधी खोटं बोललं नाही त्यांना खोटं बोलावं लागतं. यावर उपाय फुकटचा आहे: पेन्सिलीचं ते पान मान्य करा आणि अदलाबदलीचा अधिकार इनचार्जकडे राहू द्या.

पण इनचार्ज कोण? दोन मेडिकल वॉर्डांचा एक झाला की दोन इनचार्जपैकी एक पुन्हा पाळ्यांवर येते. वीस वर्षं जनरल शिफ्ट केलेली बाई पन्नाशीत नाइटला उभी राहते. हे अपमानाचं आहे, शरीरालाही झेपत नाही, आणि रुग्णालयाचंही नुकसान करणारं आहे. संसर्ग नियंत्रण, नव्या मुलींचं प्रशिक्षण, तक्रारींची नोंद, ही कामं समूहाला एनएबीएचसाठी हवीच असतात. ती या बायकांना द्यावीत. त्यांच्याइतकं वॉर्ड कुणी ओळखत नाही.

अंतराचं सांगायचं तर नकाशा आणि रस्ता यांत कोकणात मोठी तफावत असते. दापोली आणि गुहागर नकाशावर शेजारी. मधे खाडी. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने पलीकडे जाता येतं, पण रात्री फेरी बंद, आणि रस्त्याने खेड-चिपळूण फिरून जायचं तर शंभर किलोमीटरच्या घरात. नियुक्तिपत्रात एक ओळ असते: ‘समूहाच्या कोणत्याही युनिटमध्ये बदली करता येईल’. ती ओळ लिहिणाऱ्याने खाडी पाहिलेली नसते. तसंच पाळीच्या वेळेचं. डेपोतून संध्याकाळी सुटणारी वस्तीची गाडी आठ वाजताच्या सुट्टीवर धरता येत असेल आणि नव्या वेळापत्रकात दुपारची पाळी नऊला सुटत असेल, तर त्या एका तासापायी सिस्टरला गावी जाता येत नाही. ती भाड्याची खोली घेते किंवा नोकरी सोडते. सही करण्याआधी त्या ओळीत ‘अमुक किलोमीटरच्या आत’ आणि ‘लेखी पूर्वसूचना देऊन’ एवढं घालून मागावं. कधी कधी घालतात. सीमेपलीकडे गोव्यातल्या युनिटला पाठवत असतील तर तिथल्या राज्य परिषदेकडे नोंदणी लागते. तिचा खर्च आणि वेळ कुणाचा, तेही आधीच विचारावं.

पगाराबाबत एक अमेरिकन अभ्यास इथे आठवतो. एलेना प्रेगर आणि मॅट श्मिट यांनी 2000 ते 2010 या काळातली तिथल्या रुग्णालयांची विलीनीकरणं तपासली; निबंध 2021 मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त आला. ज्या भागात विलीनीकरणाने मालकांची संख्या फारच कमी झाली, तिथे नर्स आणि औषधविभागातल्या लोकांचा पगार चार वर्षांनी, एरवी जेवढा झाला असता त्यापेक्षा 6.8 टक्के कमी राहिला. स्वयंपाकघरातल्या किंवा सफाईच्या लोकांवर तसा परिणाम दिसला नाही, कारण त्यांना हॉटेलात, शाळेत दुसरं काम मिळतं. नर्सला नर्सचंच काम येतं. युनियन मजबूत असलेल्या ठिकाणी हा परिणाम सौम्य होता. हे अमेरिकेचं. पण तालुक्यात दोनच रुग्णालयं आहेत आणि ती एक झाली, तर ‘तिकडे दोन हजार जास्त देतात’ हे वाक्य कायमचं संपतं, हे समजायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. पगारवाढ मागताना सिस्टरच्या हातात तेवढं एकच वाक्य असायचं.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने खासगी नर्सच्या पगाराच्या शिफारशी केल्या. 200 पेक्षा जास्त बेड असतील तर राज्य सरकारच्या नर्सएवढा पगार. 100 ते 200 बेडला त्याहून फार तर 10 टक्के कमी. 50 ते 100 ला फार तर 25 टक्के कमी. 50 पेक्षा कमी असतील तरी 20,000 च्या खाली नको. शिफारशीच त्या, कायद्याचं बळ राज्यांनी द्यायचं होतं. तरीही बोलणी करताना त्या कामाला येतात. 40 आणि 35 बेडची दोन रुग्णालयं एका नोंदणीखाली आली तर ती 75 ची होतात आणि गट बदलतो. समूह जाहिरातीत सगळ्या युनिटांचे मिळून हजार बेड सांगतो आणि पगाराच्या वेळी 40 सांगतो, तेव्हा तो प्रश्न सरळ, शांतपणे विचारावा.

सरकारी विलीनीकरणात नोकरी जात नाही, हा मोठा दिलासा. पण एकाच वॉर्डात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अधिपरिचारिका आणि वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अधिपरिचारिका काम करतात. एकींचे साहेब जिल्हा शल्यचिकित्सक, दुसऱ्यांचे अधिष्ठाता. हजेरीपटं दोन, ज्येष्ठता याद्या दोन. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सिस्टर आरोग्य विभागात कोल्हापूर परिमंडळात मोडतात; विभाग बदलण्याचा विकल्प दिला तर परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इनचार्ज, होण्याची रांग आणि बदलीचं क्षेत्र दोन्ही बदलतं. विकल्प भरण्याआधी दोन्ही याद्यांत आपला क्रमांक पाहावा आणि सेवापुस्तकाची साक्षांकित प्रत काढून घरी ठेवावी. 100 विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला 420 बेड दाखवावे लागतात. बेड येतात, त्यांवर रुग्ण येतात, विद्यार्थ्यांचे राउंड येतात. पदांचा शासन निर्णय मागाहून येतो, आणि मधला सगळा काळ आहे त्या सिस्टर अंगावर ओढून घेतात.

खासगीत मात्र कागद हेच सगळं. पहिला प्रश्न: माझा मालक कायद्याने बदलला का? समूहाने जुन्या कंपनीचे शेअर घेतले असतील तर कंपनी तीच, मालक तोच. नवं नियुक्तिपत्र घ्यायची गरजच नाही. रुग्णालयाचा धंदा विकला असेल तर मालक बदलला. ट्रस्टने फक्त चालवायला दिलं असेल तर मालक बहुधा ट्रस्टच. हे कळायला वकील लागत नाही. पगारपत्रकावरचं नाव आणि पीएफ पासबुकातला आस्थापनेचा कोड मागच्या महिन्याशी ताडून पाहा.

मालक बदलला तर औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 25एफएफमध्ये स्पष्ट होतं, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तेच तत्त्व आहे: सेवा अखंड, अटी आधीपेक्षा कमी नाहीत, आणि पुढे कधी कपात झाली तर भरपाई जुनी वर्षं धरून, या तिन्ही गोष्टी नव्या मालकाने मान्य केल्या नाहीत तर जुन्या मालकाने कपातीची भरपाई द्यायची. एक गाठ मात्र आहे. नव्या संहितेतल्या ‘उद्योगा’च्या व्याख्येतून पूर्णपणे किंवा मुख्यत्वे धर्मादाय काम करणाऱ्या संस्थांची आस्थापनं वगळली आहेत. ट्रस्टच्या रुग्णालयात असाल तर म्हणूनच हे तीन मुद्दे कायद्यावर न सोडता पत्रात लिहून घ्यावेत.

आणि राजीनामा देऊ नये. ‘फॉर्मॅलिटी आहे, इथे सही करा, उद्यापासून नवीन लेटर’ असं सांगून राजीनामे घेतले जातात. त्या एका सहीने काय जातं ते हिशोबाने सांगते. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटचा पगार गुणिले 15 भागिले 26 गुणिले वर्षं. पगार 18,000 आणि 12 वर्षं झाली असतील तर 1,24,615 रुपये. हे घेऊन मोकळी झाली आणि पुढे 8 वर्षांनी 36,000 पगारावर सोडलं, तर नवे 1,66,154. एकूण 2,90,769. सेवा अखंड असती तर 20 वर्षांचे 4,15,385. सव्वा लाखाचा फरक. जिची चारच वर्षं झालीत तिचं नुकसान आणखी वाईट. पाच पूर्ण नाहीत म्हणून जुन्याकडून काही नाही, आणि नव्याकडे घड्याळ शून्यावर. गरोदर असेल तर प्रसूतीच्या 26 आठवड्यांसाठी आधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे 80 दिवस काम लागतं, ते दिवसही नव्याने मोजले जाऊ शकतात. पत्रात ‘मूळ रुजू तारीख’ म्हणून जुनीच तारीख लिहून घेतली की यातलं बहुतेक टळतं.

पीएफला यूएएन, म्हणजे आपला कायमचा पीएफ क्रमांक, तोच ठेवायचा आणि जुनं खातं ट्रान्सफर करायचं. जुन्या मालकाने आपली नोकरी सुटल्याची तारीख भरली नसेल तर ट्रान्सफर अडतं. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती आपल्याला स्वतः भरता येते. पेन्शनचे पैसे मात्र काढू नयेत, कारण पेन्शनला एकूण दहा वर्षं लागतात आणि पैसे काढले की ती वर्षं पुसली जातात. पगार 21,000 च्या वर गेला तर ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, चालू वर्गणी-काळ संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्च अखेरपर्यंत राहतो, मग जातो. ईएसआयमध्ये अवलंबून असलेले आईवडील येतात. समूहाच्या मेडिक्लेममध्ये ते येतातच असं नाही. हजार रुपयांच्या वाढीत वडिलांच्या डायलिसिसची सोय जाऊ शकते, तेव्हा वाढीचं पत्र आलं की आधी पॉलिसीची प्रत मागावी.

ठेवून घेतलेली मूळ प्रमाणपत्रं जुन्या ऑफिसच्या कपाटात असतील तर हस्तांतराआधीच परत घ्यावीत. सामान हलताना कपाटं हरवतात. सोबत अनुभवपत्र. ज्यांना पुढे आखातात जायचंय त्यांच्यासाठी हे फार महत्त्वाचं, कारण तिथे डेटाफ्लो या कंपनीकडून कागदपत्रांची पडताळणी होते आणि ते लोक थेट जुन्या मालकाला विचारतात. तीन वर्षांनी त्या नावाचं रुग्णालयच नसलं, जुना ईमेल बंद असला, तर उत्तर कोण देणार? म्हणून जुन्या लेटरहेडवर, रुजू तारीख, वॉर्ड, बेडसंख्या, पद आणि नोंदणी क्रमांकासह पत्र घ्यायचं, आणि नव्या व्यवस्थापनाकडून जुन्या नोंदी आमच्याकडे आहेत अशी एक ओळ वेगळी लिहून घ्यायची. हे जुन्या डॉक्टरांकडेच मागावं, पाटी उतरण्याच्या आधीच्या आठवड्यात. ते नाही म्हणत नाहीत. त्यांनाही या मुलींची काळजी असते. फक्त गोल शिक्का तोवर त्यांच्या ड्रॉवरमध्ये असायला हवा.